वहीतले चार रकाने

श्रोतेहो, नमस्कार.

माझ्यासमोर एक वही आहे. लांबट, लाल कापडी पाठीची, हिशेबाला वापरतात तसली. प्रत्येक पानावर पट्टीनं आखलेले चार रकाने आहेत: मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी. पहिली नोंद ज्वारीची. ज्वारी, जोळ, जोन्नलु, जवार. तिच्याखाली कडुलिंब, बेवु, वेपा, नीम. अक्षर बारीक, उजवीकडे झुकलेलं. कुठं भाकरीच्या पिठाचा डाग, कुठं चहाचा.

ही वही माझ्या आईची. सोलापुरातल्या एका महाविद्यालयात तिनं १९७८ ते २०११ अशी तेहतीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. बी.एस्सी.ला असताना मीही तिच्या वर्गात होते. घरी आई, तिथं मॅडम. पहिल्याच आठवड्यात माझ्या तोंडून "आई, डाउट आहे" असं गेलं आणि सगळा वर्ग हसला. ती हसली नाही. "विचार," म्हणाली, आणि तासाला इतरांना द्यायची तेवढंच उत्तर मला दिलं. उरलेलं रात्री भांडी घासताना दिलं.

आई मंगळवेढ्याकडची. काळी जमीन, खाली साठलेली ओल, आणि त्या ओलीवर पाऊस संपल्यानंतर पोसणारा शाळू. १९७२चा दुष्काळ पडला तेव्हा ती कॉलेजात शिकत होती. घरचे लोक दुष्काळी कामावर खडी फोडत होते, सुकडी खात होते, आणि घरात परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी शिजत होती. त्या भाकरीविषयी ती कधी वाईट बोलली नाही. एवढंच म्हणायची, "तिनं आम्हाला जगवलं. पण तेव्हाच मनात आलं, आपल्या ज्वारीत असं काय आहे ते एकदा नीट बघायचं." ते बघण्यात तिचा जन्म गेला. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा निवृत्त होऊन पाच वर्षं झालेल्या या बाईनं अख्ख्या गल्लीत पेढे वाटले.

डिसेंबरच्या एका पहाटे ती आम्हा पंचवीसेक जणांना शहराबाहेरच्या एका रानात घेऊन गेली. कडाक्याची थंडी, हातात बॅटऱ्या, ज्वारीच्या ताटांवर दव. का आलोय ते तिनं सांगितलं नव्हतं. एका कणसापाशी उभं केलं आणि म्हणाली, "हात लावू नका, नुसतं बघा." ज्वारीचं कणीस शेंड्याकडून फुलायला लागतं आणि रोज थोडं थोडं खाली उतरत येतं. फुलं उमलतात ती रात्री आणि पहाटे, माणसं झोपेत असताना. बॅटरीच्या उजेडात वरच्या बोटभर भागावर बारीक पिवळे परागकोश लोंबत होते आणि खालचं सगळं कणीस अजून मिटलेलं होतं. तेवढ्यात रानाचे मालक कांबळं पांघरून आले. "काय बघलालाव मॅडम?" "तुमची ज्वारी फुललीय, ती बघतोय." ते आमच्यात उकिडवे बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. हे बोलतानाही ते पिवळे कण माझ्या डोळ्यांपुढे आहेत.

तिच्या वर्गात चारी भाषांच्या घरची मुलं असायची. अक्कलकोटकडची कन्नड बोलणारी, साखर पेठेतली तेलुगू बोलणारी, शास्त्रीनगरातली दखनी बोलणारी. ती लॅटिन नाव फळ्यावर लिहायची, मग खडू खाली ठेवून विचारायची, "तुमच्या घरी याला काय म्हणतात?" माहीत नसेल तर आजीला विचारून ये. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं की वहीत नोंद. तरवडाचं पिवळं फूल आलं तेव्हा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, हा तर तंगेडु. आमच्या बतुकम्माला लागतो." बतुकम्मा म्हणजे फुलांचे थर रचून करायचा तेलुगू घरांतला सण. कुरडूचा तुरा दाखवला तर तोच म्हणाला, "हा गुनुगु." त्या वर्षी मॅडम त्याच्या घरी बतुकम्मा बघायला गेल्या. फुलांचा तो थर बघून आल्यावर आईनं वहीचं अख्खं पान भरलं.

एक मुलगी मात्र तासाला हात बाकाखाली ठेवायची. घरी आईबरोबर विड्या वळून ती कॉलेजला यायची आणि बोटांना तंबाखूचा वास राहायचा. हे मला फार नंतर, तिच्याच तोंडून कळलं. पानांच्या शिरा शिकवायचा दिवस होता. मॅडम तेंदूपत्त्याचा एक मुडका घेऊन आल्या, आपल्या टेंभुर्णीचीच ती पानं. त्यांनी त्या मुलीला पुढं बोलावलं. "चांगलं पान कसं ओळखायचं, ते मला येत नाही. तू सांग." आणि स्वतः पहिल्या बाकावर जाऊन बसल्या. मुलगी घाबरत बोलायला लागली. घरात याला तुनिकी आकु म्हणतात. जाड शिरेचं पान वळताना फाटतं. पान ओलं करून ठेवायचं, जास्त वाळलं तर चुरा होतो. पत्र्याचा तुकडा वर ठेवून कात्रीनं कापायचं, शीर कुठं येते ते बघून. वीस मिनिटं ती बोलली, दोन्ही हात सगळ्यांसमोर धरून. आज ती स्वतः शिक्षिका आहे. आई गेल्याचं कळलं तेव्हा सगळ्यांत आधी ती आली.

आता माझ्या वडिलांविषयी. बाबा गिरणीत कारकून होते, कापडाच्या गाठींवर नाव-नंबर घालायचे. त्यांचं अक्षर मोत्यासारखं. नव्वदच्या दशकात गिरणी बंद पडली. देणं वर्षानुवर्षं अडकून राहिलं आणि बाबा दिवसभर खिडकीशी बसायला लागले. घर आईच्या पगारावर चाललं, त्याचा उच्चार तिनं कधी केला नाही. एके दिवशी वाळवलेल्या वनस्पतींचे पन्नासेक कागद तिनं त्यांच्यापुढं ठेवले. "अहो, माझं अक्षर मुलांना लागत नाही. एवढी लेबलं करून द्या." बाबांनी बोरू काढला. त्या दिवसापासून विभागातल्या प्रत्येक नमुन्यावर त्यांचंच अक्षर आहे. पुढं पुढं ते स्वतः वर्तमानपत्रांच्या घड्या करायचे, ओले कागद बदलायचे, दाबाचे, म्हणजे झाडं दाबून वाळवायच्या फळ्यांचे, पट्टे आवळायचे. संध्याकाळी दोघं शेजारी बसून हे काम करत. फारसं बोलत नसत.

आई म्हणून ती सोपी नव्हती, हेही सांगते. माझ्या शाळेच्या गॅदरिंगला ती आली नाही, कारण सहल नान्नजच्या माळरानावर अडकली होती. मी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी तिनं माझ्या तळहातावर पाण्याचा थेंब टाकला आणि नान्नजहून आणलेलं कुसळी गवताचं एक कुसळ त्यावर ठेवलं. ते आपोआप गरगर फिरायला लागलं. ओल लागली की त्याचा पीळ सुटतो, आणि याच युक्तीनं बी जमिनीत शिरतं. मी "आई, बघ!" म्हणून ओरडले आणि अबोला तिथंच संपला. माझा हात मात्र तिनं बराच वेळ सोडला नाही.

भाकरी शिकवली तीही अशीच. पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली की भाकरी थापताना तुटते. मग पिठात उकळतं पाणी घालायचं. ज्वारीत ग्लूटेन नसतं, पण गरम पाण्यानं स्टार्च फुगून चिकट होतो आणि पीठ धरून राहतं. मी आजही परातीत उकळतं पाणी ओतते तेव्हा तिचा आवाज ऐकू येतो, "चमच्यानं कालव, पोळशील."

गेल्या वर्षी पावसाळा सरताना ती गेली. आदल्या रविवारी माळावर फिरायला गेली होती आणि पवन्या गवताच्या काड्या घेऊन आली होती. दाबात तिनंच ठेवल्या. तेराव्यानंतर बाबांनी पट्टे सोडले, कागद बदलला, गवत नीट चिकटवलं आणि लेबल लिहायला घेतलं. ठिकाण, तारीख, मग संकलकाचं नाव. मी शेजारी बसले होते. आईच्या नावाआधी ते 'कै.' लिहितील असं मला वाटलं. बोरू क्षणभर थांबला. मग नेहमी लिहायचे तसंच त्यांनी लिहिलं, 'प्रा.' आणि पुढं तिचं नाव.

वहीचं शेवटचं पान त्याच गवताचं आहे. मराठीच्या रकान्यात 'पवन्या' आहे. पुढचे तीन रकाने मोकळे आहेत. श्रोतेहो, तुमच्या घरात कुणी शेरडं-मेंढरं राखली असतील, कुणाच्या आजीनं या गवताला कन्नडमध्ये, तेलुगूत किंवा दखनीत काही म्हटलं असेल, तर ते नाव या केंद्राच्या पत्त्यावर एका कार्डावर लिहून पाठवा. बाबा वाट बघताहेत.