आमची रोजची भाकर

नमस्कार मंडळी.

या सभागृहात माझ्या धर्माची दोन-तीनच घरं असतील. त्यामुळे उपदेश करायला मी उभा नाही. काळजीच्या दिवसांत मला कशानं तारलं, तेवढं सांगतो.

मी जालन्याचा. ख्रिस्ती धर्मोपदेशक नारायण शेषाद्रींनी १९व्या शतकात आमच्या शहराजवळ ख्रिस्ती कुटुंबांसाठी बेथेल हे गाव वसवलं, त्या मुलखातला. रविवारी उपासनेला पेटी-तबल्यावर ना. वा. टिळकांची भजनं म्हणत आम्ही वाढलो. प्रभू येशूनं शिष्यांना जी प्रार्थना शिकवली, तिच्यात आम्ही मराठीत भाकर मागतो : ‘आमची रोजची भाकर’. मराठवाड्यातल्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

१९७२च्या दुष्काळात आजी खडी फोडायला जायची. कामावर खायला सुकडी मिळायची. घरी डब्यात पीठ किती उरलंय ते ती बघायची, माणशी एक मूठ परातीत घ्यायची आणि पाणी घालण्याआधी डोळे मिटायची. पुढं मी विचारलं, “आजी, आठवड्याचं एकदमच का नाही मागायचं?” ती म्हणाली, “लेकरा, आजचं मागावं. उद्याचं त्याच्यापाशी राहू द्यावं.”

याचा अर्थ मला इथं अमेरिकेत कळला. माझी नोकरी गेली. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांना ६० दिवसांची मुदत काय असते, ते वेगळं सांगायला नको : तेवढ्यात दुसरी नोकरी मिळाली नाही, तर देश सोडायची वेळ येते. रात्री तीनला मी स्वयंपाकघरात उभा असायचो. मुलीची शाळा, घराचं भाडं, गावाकडे आई. प्रार्थनेला शब्दच सुचेनात. मग ती एकच ओळ म्हणायचो, पुन्हा पुन्हा. भीती जायची नाही, पण ६० दिवसांऐवजी एका दिवसाएवढी व्हायची, आणि मला झोप लागायची. नोकरी ५३व्या दिवशी मिळाली. ती शांती मात्र त्याच्या कितीतरी आधीची.

घाबरणं म्हणजे विश्वास कमी, असं आमच्यातही काही जण म्हणतात. मला ते मुळीच पटत नाही. धरला जाण्याच्या रात्री गेथशेमाने बागेत खुद्द येशू व्याकूळ झाला होता, आणि ‘माझ्याबरोबर जागे राहा’ असं त्यानं मित्रांना सांगितलं होतं. तेव्हा इथं कुणाची झोप उडाली असेल तर त्यानं लपवू नये. आम्हाला फोन करा. डॉक्टरकडे जावं लागलं तर जरूर जा. प्रार्थनेचं आणि औषधाचं वैर नाही.

२०२५च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पावसानं कहर केला, तेव्हा आईचा व्हिडिओ कॉल आला. आमचं सोयाबीन पाण्यात उभं होतं, शेंगांना झाडावरच कोंब फुटलेले. मी कर्जाचं विचारत होतो, विम्याचं विचारत होतो. ती भाकरी थापत होती. परातीवरचा तो थपथप आवाज मला इथं ऐकू येत होता. शेजाऱ्यांच्या घरात पाणी शिरलं होतं, म्हणून ते सगळे आमच्या ओसरीवर होते.

“एवढ्या भाकरी?” मी म्हणालो.

“प्रार्थनेत ‘माझी’ कुठंय रे? ‘आमची’ म्हणतो ना आपण,” ती म्हणाली. आणि तव्यावरची भाकरी करपायला लागली, म्हणून तिनं फोन ठेवला.