वऱ्हाड नेमकं कुणाचं होतं?

नमस्कार श्रोतेहो.

पैनगंगेच्या वऱ्हाडाकडच्या काठावरच्या आमच्या गावात म्हातारी माणसं पलीकडच्या काठाला अजून 'मोगलाई' म्हणतात. "बहीण मोगलाईत दिली," असं माझी आजी सहज बोलायची. नदी ओलांडली की निजामाचं राज्य, अलीकडे इंग्रजाचं. पण कायद्याच्या कागदावर अलीकडचा काठही निजामाचाच होता, हे तिला कुणी कधी सांगितलं नाही.

ज्या सत्तेच्या वर राज्यात दुसरं कुणी नाही ती सार्वभौम सत्ता, आणि तिची वाटणी होत नाही, असं बोदाँ या फ्रेंच पंडितानं १५७६ साली मांडलं. आपल्या वऱ्हाडात मात्र नव्वदहून जास्त वर्षं नाव एकाचं नि हुकूम दुसऱ्याचा चालला. १८५३ मध्ये निजामाकडच्या फौजेच्या खर्चापोटी इंग्रजांनी वऱ्हाडचा कारभार घेतला. वावर एकाच्या नावावर, वाहणारा दुसरा, तसंच. १९०२ साली व्हाइसरॉय कर्झननं ते कायमच्या मक्त्यानं घेतलं, वर्षाला २५ लाख रुपये ठरवून.

पुढे निजाम मीर उस्मान अलींनी वऱ्हाड परत मागितलं. अंतर्गत कारभारात आपण इंग्रजांच्या बरोबरीचे, असा त्यांचा दावा होता. २७ मार्च १९२६ ला व्हाइसरॉय रीडिंगनं उत्तर धाडलं: हिंदुस्थानात ब्रिटिश सत्ताच सर्वोच्च, संस्थानिकानं बरोबरीनं बोलणी करण्याचा हक्क सांगू नये. सगळ्या संस्थानांवरचा इंग्रजी वरचष्मा इतक्या उघडपणे सांगणारं हे पत्र निघालं ते आपल्या या काळ्या मातीवरून! आणि दहाच वर्षांनी, १९३६ च्या करारात, इंग्रजांनी वऱ्हाडवरचं निजामाचं सार्वभौमत्व पुन्हा मान्य केलं, त्यांच्या मुलाला 'प्रिन्स ऑफ बेरार' (बेरार म्हणजे वऱ्हाडच) हा किताब दिला. कारभार मात्र मध्य प्रांताला जोडून स्वतःकडेच ठेवला.

मला खुपतं ते हे, की या तह-करारांत कास्तकाराला एकदाही कुणी विचारलं नाही. सारा त्यानं भरला, कापूस त्यानं पिकवला.

२६ जानेवारी १९५० ला अमलात आलेल्या राज्यघटनेची सुरुवात राजाच्या नावानं होत नाही, 'आम्ही, भारताचे लोक' अशी होते. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत आजीनं मत दिलं. बोटावरची शाई जाते का, हे ती नदीवर धुणं धुताना घासून घासून पाहत होती, असं आई सांगायची. त्याच निवडणुकीत पलीकडच्या काठावर तिच्या बहिणीनंही मत दिलं होतं.