गिलाव्याआधी पाणी भरून बघा

ही भिंत बघा. कोल्हापुरात राजारामपुरीतलं आमचं घर, बाथरूमची मागची बाजू. ही ओल पावसाची नाही, आतल्या गरम पाण्याच्या लाईनची आहे. गच्चीवर सोलर बसवला तेव्हा खाली येणारी लाईन पांढऱ्या यूपीव्हीसी पाइपनंच केली, तोच माल हाताशी होता आणि आम्हालाही कुठं काय कळत होतं.

यूपीव्हीसी थंड पाण्याचा. आयएस 4985 या भारतीय मानकात तो 45 अंशापर्यंतच्या पाण्यासाठी आहे आणि सोलरचं पाणी 60-70 अंश सहज होतं, मग पाइप मऊ पडतो, वाकतो, जॉइंट सुटतो. गरम पाण्याला पिवळट रंगाचा सीपीव्हीसी लागतो, आयएस 15778, तो 82 अंशाच्या हिशोबानं बनवलेला असतो. पाइपवर नंबर छापलेला असतो, शाहूपुरीतल्या दुकानात उभं राहूनच वाचून घ्या.

आता सीपीव्हीसीची नवीन लाईन चाललीय. मिस्त्रींनी पाइप सरळ कापला, कडेचा बुरा काढला, फडक्यानं पुसला. मग पाइपला आणि एल्बोच्या, म्हणजे काटकोनी जोडाच्या, आत सोल्युशन लावलं, पाइप आत घालून पाव फेरा दिला आणि तसाच अर्धा मिनिट घट्ट धरून ठेवला. सोल्युशन म्हणजे साधा डिंक नव्हे, ते प्लास्टिकचा वरचा थर विरघळवतं आणि दोन्ही भाग एकजीव होतात, म्हणून हात लवकर सोडला तर पाइप हळूच मागं सरकतो आणि बाहेरून काही दिसत पण नाही. डबा उघडा असताना खिडकी उघडी ठेवा, बिडी-सिगरेट अजिबात नको, त्याची वाफ पेट घेते.

क्लॅम्प मुद्दाम थोडे सैल ठेवलेत. 3 मीटरचा पाइप 50 अंशांनी तापला की जवळजवळ 9 मिलिमीटर वाढतो, त्याला सरकायला जागा नको का? नळाच्या आट्यांना टेफ्लॉन टेपच, आट्यांना लावतात तो तेलकट सफेदा सीपीव्हीसीला चालत नाही. गच्चीवरच्या उघड्या पाइपला पाण्यातला ॲक्रिलिक रंग, नाहीतर उन्हानं पाइप ठिसूळ होतो.

दुसऱ्या दिवशी लाईनमधली हवा काढून पाणी भरलं, हातपंपानं रोजच्या दीडपट दाब दिला. पाणीच हं, कंप्रेसरची हवा नाही, पाइप फुटला तर तुकडे उडतात.

गवंडी माल कालवायला निघालेला. पण पंपावरच्या दाबाच्या मीटरचा काटा हळूहळू खाली यायला लागला. मिस्त्रींनी एकेका जॉइंटवरनं कोरडं बोट फिरवलं आणि गीझरच्या मागच्या एल्बोपाशी थांबले, बोटाला थेंब. एल्बो कापून काढला, नवा लावला. गवंड्याला सांगितलं, भाऊ, आज राहू दे, उद्या पुन्हा दाब देऊन मगच गिलावा.