पगाराच्या स्लिपवरचे २०० रुपये

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय जरा भारदस्त छापलाय, ‘पुराणमतवादी कारभाराला पुरोगामी पर्याय’, आणि मला चाळीस मिनिटं दिलीयेत. पर्याय मी सांगणारच आहे, सात मुद्दे लिहून आणलेत. पण त्याआधी एक करू. इथे जे नोकरी करतात किंवा करत होते त्यांनी हात वर करा. बरेच आहेत. आता तुमच्या पगाराच्या स्लिपवर पीएफच्या आसपास एक ओळ असते, पीटी म्हणून, २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. ते पैसे मुळात कशासाठी कापायला लागले हे ज्यांना माहितीये त्यांनीच हात वर ठेवा. तीन. मागे चौथा दिसतोय का? नाही, ते काका पंखा कमी करा म्हणतायत. करा हो कोणीतरी.

मी ३१ वर्षं अकाउंट्समध्ये काढली, पगारपत्रकं माझ्याकडेच असायची, म्हणजे हा प्रोफेशन टॅक्स शेकडो लोकांच्या पगारातून मी स्वतःच्या हाताने कापलाय. १९७५ चा कायदा आहे तो, आणि आणला कशासाठी तर रोजगार हमीसाठी. शहरातल्या पगारदाराने दर महिन्याला थोडे पैसे द्यायचे, त्यातून दुष्काळी गावातल्या माणसाला काम मिळायचं, आणि जेवढे या करातून येतील तेवढीच भर सरकारने तिजोरीतून घालायची. मला विचाराल तर महाराष्ट्रातलं सगळ्यात सुंदर धोरण हे आहे, कारण पुण्यातल्या कारकुनाचा आणि शिरूरच्या मजूर बाईचा हिशोब एकाच वहीत आला.

शिरूरचं नाव मी उगाच घेत नाहीये. माझं माहेर तिकडचं. ७२ च्या दुष्काळात मी आठ वर्षांची होते आणि आई पाझर तलावाच्या कामावर जायची, मी धाकट्याला सांभाळायला बरोबर. बाभळीला झोळी बांधायची, त्यात तो, खाली मी, आणि समोर नजर पोचेल तिथपर्यंत माणसंच माणसं, पाटी डोक्यावर घेऊन चढ चढणारी. आमच्या शेजारचे चांगले बागायतदार म्हणवणारे पण त्याच रांगेत होते, विहिरीच आटल्या तर बागायत कसली. दुपारी सुकडी मिळायची, म्हणजे कामावर वाटायचा कोरडा खाऊ, ती मी फडक्यात बांधून ठेवायचे कारण धाकट्याला ती गोड लागायची, आणि घरी मिलोच्या, म्हणजे बाहेरून आलेल्या लाल ज्वारीच्या भाकऱ्या, थापताना तुटायच्या, आईला त्याचाच जास्त राग की भाकरी सुद्धा नीट होत नाही. मे ७३ मध्ये राज्यभरात जवळपास ५० लाख माणसं अशा कामांवर होती. पन्नास लाख! आणि एवढा भयंकर दुष्काळ पडूनही लोक भुकेने पटापट मेले असं झालं नाही, कारण हाताला काम होतं आणि आठवड्याला हप्ता मिळत होता.

पण हप्त्याचंच सांगायचंय. काम चौकडीवर मोजायचे, किती लांब, किती रुंद, किती खोल खणलं त्यावर पैसे. आणि आमच्या कामावरचा मोजणारा माणूस टेप धरताना माणूस बघायचा. नवरा-बायकोच्या जोडीची चौकडी नीट मोजायचा, पण ज्या बाया एकट्या होत्या, आमचे वडील तेव्हा मुंबईला होते, त्यांची चौकडी दर वेळी चार बोटं कमी भरायची. आई एकदा भांडली. तो म्हणाला, बाई, सरकार उपकार करतंय, मिळतंय ते घ्या. आई खड्ड्यात उतरली, स्वतःच्या हाताने वितीवितीने मोजून दाखवलं, आणि म्हणाली, ‘मी मागाया आले न्हाई, कामाला आले.’ त्या आठवड्याला पैसे पूर्ण मिळाले, पुढच्या आठवड्याला परत चार बोटं कमी. ती तक्रार करणार कुठे? कशाच्या आधारावर? ते टंचाईचं काम होतं, सरकारच्या मर्जीवर चालू आणि मर्जीवर बंद.

माझा सगळा मुद्दा इथेच आहे, उरलेली मिनिटं नाही मिळाली तरी एवढं घेऊन जा. रोजगार हमीची कल्पना वि. स. पागे यांची, विधान परिषदेचे सभापती होते ते, आणि ७२ च्या आधीच १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात त्यांनी ती करून बघितली होती. १९७२ ला योजना सुरू झाली ती सरकारी आदेशावर, म्हणजे जीआरवर. मग १९७७ ला कायदा केला, तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. जीआर आणि कायद्यात फरक काय? जीआर सरकार काढतं आणि सरकारच रद्द करतं, सकाळी एक संध्याकाळी दुसरा. कायद्यात लिहिलं की मजुराने अर्ज दिला तर १५ दिवसात काम द्यायचं, नाही दिलं तर बेकारी भत्ता द्यायचा. म्हणजे आईच्या त्या ‘कामाला आले’ला कागदावर जागा मिळाली. पुढे २००५ ला देशाने जो कायदा केला, मनरेगा, तो आपल्याच कायद्याकडे बघून.

आमच्या ऑफिसात एक साहेब होते, कॅन्टीनमध्ये रोज तेच, आपल्या टॅक्सवर हे फुकटे जगतात. एकदा मी त्यांचीच स्लिप काढून समोर ठेवली, म्हटलं हे २०० बघा, आणि खाली गेटवरच्या वॉचमनची बघा, त्याचे पण २००. तुमचा पगार त्याच्या पंधरा पट आणि कर सारखाच. मग कोण कोणाच्या जिवावर? ते गप्प झाले, पण मला त्यांचा रागही नाही, कारण त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. आपली मंडळी, म्हणजे पुरोगामी म्हणवणारी, हे सांगायलाच विसरली. पुरुषाचा पगार १० हजाराच्या वर गेला, बाईचा २५ हजाराच्या वर गेला, की सगळ्यांना वर्षाला २५००, मग तुम्ही तीस हजार कमवा नाहीतर अकरा लाख. कारण राज्यघटनेच्या कलम २७६ मध्ये वर्षाला २५०० ची मर्यादा आहे, ती १९८८ ला घातली आणि तेव्हापासून तशीच. १९८८ ला अडीच हजार म्हणजे किती होते ते इथल्या ज्येष्ठांना विचारा.

आता समोरच्या बाजूचं पण नीट ऐकून घेऊ. ते म्हणतात खर्च आवरा, खरंच गरज असेल त्यालाच द्या, बाकीचं बाजार बघेल. काटकसर मला पण हवीये, मी अकाउंट्सवाली आहे. पण ‘खरंच गरज’ कोणाला हे ठरवायला बसलं की केवायसी येतं, यादी येते, यादीतून नावं गळतात. आमच्याकडे कामाला येतात त्या ताईंचा लाडकी बहीणचा हप्ता मधेच थांबला, ओटीपी नवऱ्याच्या फोनवर जायचा आणि नवरा सांगलीला उसाच्या ट्रकवर. त्यांनी मला विचारलं, ‘मॅडम, माझं काय चुकलं?’ यात चूक कसली हो! १५०० रुपये बाईच्या हातात आले याचा मला आनंदच आहे, पण ते जीआरवर आलेत. आणि २०२४ च्या निवडणुकीत एक बाजू म्हणाली २१०० देऊ, दुसरी म्हणाली ३००० देऊ, मी टीव्हीसमोर बसून म्हणत होते, अरे आकडा वाढवताय, कायद्याचं कोण बोलणार? मोठा आकडा म्हणजे पर्याय नव्हे. ताईंना उद्या जाब विचारता आला पाहिजे, आणि पैसा कुठून येणार ते आधी लिहिलेलं पाहिजे.

ही चिठ्ठी आली. सात मिनिटं? बरं. मग भराभर सांगते.

पहिलं, शहरी रोजगार हमी, पुण्यासाठी. केरळने २०१० मध्ये शहरी योजना सुरू केली, राजस्थानने २०२३ मध्ये कायद्यातच घातलं. काम नाही म्हणू नका, २५ सप्टेंबर २०१९ ची आंबिल ओढ्याच्या पुराची रात्र आठवा, ओढे साफ करणं, टेकड्यांवर चर खणणं, हेच काम आहे.

दुसरं, डिलिव्हरीची पोरं. आपल्याकडे १९६९ पासून माथाडी कायदा आहे, मालक मजुरीबरोबर लेव्ही मंडळात भरतो, त्यातून हमालाचा पीएफ आणि दवाखाना. तेच प्रत्येक ऑर्डरला लावा. राजस्थान, कर्नाटकने गिग कामगारांसाठी, म्हणजे अशा ॲपवर काम करणाऱ्यांसाठी, कायदे केलेत, आणि मूळ कल्पना ज्यांची ते आपण बघत बसलोय, हे मला फार लागतं.

तिसरं, घरकाम. २००८ चा कायदा आहे, मंडळ आहे, पण माथाडीसारखी मालकावर लेव्ही नाही. मालक म्हणजे आपणच. महिन्याला थोडे आपण भरायचे. कोण कोण तयार आहे? बघा, पीटीपेक्षा जास्त हात वर आले!

चौथं, ‘स्वच्छ’. २००८ पासून कचरावेचक बायांची ही सहकारी संस्था तुमच्या दारातून कचरा उचलतीये आणि दर थोड्या वर्षांनी कराराची मुदत संपते, मग मुदतवाढीसाठी धडपड. ते काम कायमस्वरूपी त्यांच्या नावावर लिहून द्या.

पाचवं, पैसा. कलम २७६ ची मर्यादा वाढवा, पण टप्प्याटप्प्याने, साहेबांचे जास्त आणि वॉचमनचे शून्य. त्यासाठी घटनादुरुस्ती लागते, म्हणजे खासदारांना धरावं लागेल.

सहावं घाईत सांगायचं नव्हतं. २०२५ च्या डिसेंबरात संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा आणला, दिवस १०० चे १२५ केले, पण आपल्यासारख्या राज्यांना ४० टक्के खर्च उचलायचाय आणि केंद्राचा पैसा आधी ठरवलेल्या वाटपाएवढाच. मजुराने मागितलं की काम, हे हमीचं मूळ होतं. वाटप संपल्यावर शिरूरची बाई अर्ज घेऊन आली तर तिला काय सांगणार? महाराष्ट्राने आपला १९७७ चा कायदा पुन्हा पुढे करावा आणि आपल्या पैशाने मागेल त्याला काम द्यावं, त्यासाठीच तर पीटी होता.

सातवं पाळणाघरांचं आहे, कामाच्या जागी पाळणाघर. झोळीचं सांगितलं ना मघाशी, त्याच्यावर माझ्याकडे चार पानं आहेत. दुसरी चिठ्ठी आली बहुतेक. ते प्रश्नोत्तरात कोणीतरी विचारा, म्हणजे मला बोलता येईल.