पडद्यावरच्या बाया आणि माझी कात्री

श्रोतेहो, नमस्कार.

सिनेमा बघून आलं की घरचे विचारतात, गोष्ट काय होती? मला ती धड सांगताच येत नाही. कोण कुणाचा भाऊ निघाला, इस्टेट शेवटी कुणाच्या नावावर झाली, हे घराची पायरी चढेपर्यंत डोक्यातून गेलेलं असतं. पण ब्लाऊजचा गळा मागून किती खोल होता, मुंढ्यात, म्हणजे बाही जोडतात तिथं, कापड ओढत होतं का, बाहीला पायपिंग होतं की नुसती दुमड, हे विचारा. चाळीस वर्षांपूर्वीच्या सिनेमातलंही सांगेन. सांगलीत हरभट रोडच्या मागं एका बोळात माझं शिलाईचं दुकान आहे. आधी आई शिवायची, तिच्यानंतर मी. त्यामुळं नट्यांवरचं माझं प्रेम हे असं, कापडाच्या वाटेनं आलेलं. माझं सरळ मत आहे, अंगावरचा कपडा जिला वागवता येत नाही तिला अभिनय येत नाही. मग ती दिसायला कितीही देखणी असू दे.

पहिली माझी जयश्री गडकर. 'सांगत्ये ऐका' आला 1959 साली, अनंत माने यांचा. पुण्याच्या विजयानंद टॉकीजला तो दोन वर्षांहून जास्त चालला. मी तो नंतर बघितला, जत्रेतल्या तंबूत. एका अंगाला बायका, दुसऱ्या अंगाला गडीमाणसं, आणि मशीन एकच, त्यामुळं रीळ संपलं की पडदा पांढरा. मग शिट्ट्या, पोरांची रडारड, शेंगा फोडल्याचे आवाज. त्यात 'बुगडी माझी सांडली ग' लागलं की तंबू एकदम गप्प. गाणारी आशा भोसले, जन्म सांगलीचा, आणि पडद्यावर जयश्रीबाई. आता सिनेमा काळा-पांढरा. तरी आमच्या दुकानात तिच्या लुगड्याच्या रंगावरून वाद व्हायचे. आई छातीवर हात मारून सांगायची, डाळिंबीच होतं. शेजारच्या काकूंचं म्हणणं मोरपंखी. दोघीही अशा ठामपणे बोलायच्या, जणू शूटिंगला उभ्या होत्या. त्या वादातून आईला मात्र डाळिंबी खणाच्या चोळ्यांचं बरंच काम मिळालं.

त्याच जयश्रीबाईंना पुढं 'साधी माणसं'मध्ये बघा, 1965 सालचा, भालजी पेंढारकरांचा. तिथं ती लोहाराची बायको. 'ऐरणीच्या देवा तुला' हे गाणं सगळ्यांना पाठ असतं. लताबाईंनी गायलंय आणि आनंदघन या नावानं चालही त्यांचीच. पण गाणं ऐकताना बाईकडं बघायचं राहून जातं. तमाशाच्या फडावरच्या नाचणारीचं नऊवारी अंगाला आवळून असतं, ते लोकांनी बघावं म्हणून नेसलेलं असतं. कष्टकरी बाई नेसते ते हात मोकळे राहावेत, पाय मोकळे पडावेत म्हणून. जयश्रीबाईंना हे दोन्ही येत होतं. नुसतं चापूनचोपून नेसवलं म्हणजे झालं असं नाही. नेसलेल्या लुगड्यात बसता, उठता, वाकता आलं पाहिजे. हल्ली मालिकांतल्या मुली नऊवारी नेसून अशा चालतात की जणू कुणी फळीला बांधून ठेवलंय.

सुलोचनादीदींबद्दल फार बोलत नाही, कारण त्यांच्यावर सगळ्यांनीच बोलून झालंय. आपल्या शेजारच्या चिकोडी भागातल्या खडकलाटच्या त्या. 'मराठा तितुका मेळवावा'मध्ये जिजाबाई झाल्या आणि लोकांच्या डोळ्यांपुढं जिजाऊ म्हणून त्याच राहिल्या. डोक्यावरचा पदर इतका स्थिर कसा राहतो, हे मला अजून उमगलेलं नाही. पिन लावली असती तर मला दिसली असती.

आता पडद्यावर कधीच न आलेल्या एका बाईबद्दल जरा सविस्तर सांगते. भानू अथैया. माहेरच्या राजोपाध्ये, कोल्हापूरच्या. म्हणजे आपल्यापासून एसटीनं दीड तासाच्या अंतरावर वाढलेली मुलगी. 'सीआयडी'पासून, म्हणजे 1956 पासून, तिनं हिंदी सिनेमातल्या नट्यांना काय घालायला दिलं ते बघितलं की कात्री खाली ठेवावीशी वाटते. 'वक्त'मध्ये, 1965 साली, साधनाला तिनं घट्ट चुडीदार आणि बिनबाह्यांचा कुर्ता दिला. मग आमच्याकडं विलिंग्डन कॉलेजच्या पोरींची रांग. चुडीदार शिवणं सोपं वाटतं, पण ते कापड उरेब कापावं लागतं, म्हणजे तिरकं. सरळ कापलंत तर गुडघ्यात अडकतं आणि पोटरीवर फाटतं. शिवाय लांबी घोट्याच्या खाली वीतभर जास्त ठेवायची, तेव्हा त्या चुण्या बांगड्यांसारख्या एकावर एक बसतात. उरेबला कापड जास्त लागतं. ते सांगितलं की पोरींच्या आया म्हणायच्या, टेलरबाई आमचं कापड मारतात. काय बोलणार!

'ब्रह्मचारी'मधली मुमताजची केशरी साडी आठवते? नाचताना एक निरी हलत नाही. हलेल कशी, ती साडी नेसलेली नव्हतीच, आधीच शिवून ठेवलेली होती. भानूबाईंचंच डोकं. मी ते गाणं फक्त शिवण शोधायला पुन्हा पुन्हा बघितलं. तशी साडी शिवून द्या म्हणून इथं विचारायला बऱ्याच जणी आल्या, शिवून घ्यायची हिंमत एकीचीही झाली नाही. आणि 'आम्रपाली'मध्ये वैजयंतीमालाला तिनं जे दिलं ते अजिंठ्याच्या चित्रांवरून. पुढं 'गांधी'साठी 1983 साली तिला ऑस्कर मिळालं, भारतातल्या माणसाला मिळालेलं पहिलं. राजाराणीचे कपडे चकचकीत करणं फार अवघड नसतं हो. पण शेकडो माणसांच्या अंगावरची धोतरं, सदरे, लुगडी रोज वापरलेली, धुतलेली, उन्हात विटलेली दिसली पाहिजेत, ती पहाटे दुकानातून आणल्यासारखी वाटता कामा नयेत, हे काम माझ्या मते मोठं. आपल्याकडं नटीच्या साडीची चर्चा होते, ती साडी ठरवणारीचं नाव कुणी घेत नाही. म्हणून आज मी घेतलं.

1989 साली 'मैंने प्यार किया' आला तेव्हा सांगलीत वेगळाच उत्साह. भाग्यश्री म्हणजे आपल्या पटवर्धन राजघराण्यातली मुलगी. त्या दिवाळीनंतर पंजाबी ड्रेस शिवून शिवून माझी मान आखडली होती. सिनेमा मला बेताचाच वाटला. हे सांगलीत बोलायची सोय नव्हती, आज रेडिओवर बोलते.

आणि स्मिता पाटील. हंसा वाडकर 'सांगत्ये ऐका'मध्ये होत्या, त्यांनी आपल्या आत्मचरित्रालाही तेच नाव दिलं, आणि त्यावरून श्याम बेनेगलांनी 1977 साली 'भूमिका' काढला. म्हणजे तंबूत मी ज्यांना बघितलं होतं, त्यांचं आयुष्य स्मिता जगून दाखवत होती. पोरसवदा मुलीपासून थकलेल्या बाईपर्यंत, प्रत्येक वयाला पदर वेगळा सावरलाय तिनं. पण माझा जीव जडला तो 'उंबरठा'वर, 1982 सालचा, जब्बार पटेलांचा. तिथं ती सुलभा महाजन, महिलाश्रमाची अधीक्षक. सगळ्या सिनेमात साध्या साड्या, साधे ब्लाऊज. शिवणारीला दाखवण्यासारखं त्यात काहीच नाही. आणि तरी त्या साड्या मला आजही दिसतात. ती चालताना पदर कुठं अडत नाही, रागावली तर हात पदराकडं जात नाही, कपडा घालून विसरून गेलेली बाई ती. दूरदर्शनवर बातम्या वाचायची तेव्हा म्हणे जीन्सवरच साडी गुंडाळून बसायची. मला ते अगदी पटतं. 1986 च्या डिसेंबरात ती गेली, वय अवघं 31. त्या दिवशी दुकानात लग्नाचे ब्लाऊज द्यायचे होते, ते सगळे दिले, कारण मुहूर्त थांबत नाही. पण आई आणि मी दोघींनी दिवसभर रेडिओ बंद केला नाही.

आता मुली मोबाईलवर फोटो घेऊन येतात. सई ताम्हणकर आपल्या सांगलीची, तिच्या फोटोंना मोठी मागणी. फोटोत समोरची बाजू असते, पाठ नसते. मी विचारते, पाठीमागं काय आहे? त्यांना माहीत नसतं, कारण सिनेमा बघितलेलाच नसतो. मी सांगते, बाई, आधी सिनेमा बघून ये, तोवर मी अस्तर भिजत घालते. अर्ध्याजणी हसतात आणि दुसऱ्या टेलरकडं जातात. ज्या बघून परत येतात, त्यांच्याशी मग माप घेता घेता तासभर गप्पा होतात, आणि त्यांचं शिवणही मी वेळेत देते.

नमस्कार.