ढिला नट आणि बत्तीस मायक्रोस्टेप

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'घरगुती सीएनसी मिलसाठी लीडस्क्रू आणि स्टेपरचं सेटिंग'. म्हणजे संगणकाच्या हुकमाने कापणारं यंत्र, त्याचं टेबल सरकवणारा आटेदार स्क्रू आणि तो स्टेपस्टेपने फिरवणारी मोटर. सेटिंगपर्यंत पोचू, काळजी नको. त्याआधी माझं एक जुनं गाऱ्हाणं ऐका. घरी मिल बांधणारा कोणीही भेटला की पहिलं वाक्य ठरलेलं. "मी ३२ मायक्रोस्टेप लावलेत, माझी मिल मायक्रॉनच्या आत चालते." मायक्रोस्टेप म्हणजे मोटरच्या एका स्टेपचे ड्रायव्हरने, म्हणजे मोटर चालवणाऱ्या सर्किटने, केलेले बारीक तुकडे; दर तुकड्याला एक पल्स. हिशोब चोख आहे. फेऱ्याला २०० स्टेपची मोटर, गुणिले ३२, झाले ६४०० पल्स. एका फेऱ्यात ५ मिमी सरकणारा स्क्रू, म्हणजे पल्समागे ०.७८ मायक्रॉन. मग मी टेबलाला हात घालून पुढे-मागे ढकलतो आणि टकटक ऐकू येतं. स्क्रूवर बसून टेबल ओढणाऱ्या नटातच दशांश मिलिमीटरचा प्ले, म्हणजे ढिलेपणा! फूटपट्टीवर बारीक रेघा वाढवल्या म्हणून वाकडी पट्टी सरळ होते का?

स्क्रूचा विषय निघाला की मला हेन्री रोलंड आठवतात. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, १८८०च्या दशकातली गोष्ट. प्रकाशाचा वर्णपट बघण्यासाठी त्यांना चकचकीत धातूवर समांतर रेघा ओढायच्या होत्या, इंचाला १४,४३८, आणि दोन रेघांमधलं अंतर ठरवणार स्क्रू. इथे लेथवर हात काळे केलेलं कोणी आहे? हं, तुम्ही सांगा, लेथवरून उतरलेला आटा तसाच या कामाला चालेल? बघा, मान हलली. स्क्रूच्या प्रत्येक फेऱ्यात तीच चूक पुन्हा आली की वर्णपटात नसलेल्या रेषा उमटतात. त्यांना भुतं म्हणतात, आणि वर नाव कोणाचं? रोलंडचंच! माणसाने आयुष्यभर भुतं उतरवायची आणि शेवटी ती त्याच्याच नावावर.

तर त्यांनी काय केलं? लांबलचक नट केला, उभा चिरलेला, आणि तेलात एमरीची घासणारी पूड घालून तो स्क्रूवर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत ठेवला. लांब नट एका वेळी पुष्कळ आट्यांवर बसतो, म्हणून एखाद्या आट्याची लबाडी बाकीचे चालू देत नाहीत. याच रोलंडचा एक किस्सा सांगतात, खराखोटा देव जाणे. कोर्टात साक्ष देताना वकिलाने विचारलं, अमेरिकेतला सर्वांत मोठा भौतिकशास्त्रज्ञ कोण? हे म्हणाले, मी. बाहेर आल्यावर मित्रांनी टोकलं, तर म्हणे, काय करणार, शपथेवर होतो. आपल्या पुण्यात शपथेचीही गरज लागत नाही.

संयोजक घड्याळ दाखवतायत. बरं, पळतो.

टी-८, म्हणजे ८ मिमी जाडीचा स्क्रू घेताना पिच (शेजारच्या दोन आट्यांतलं अंतर) नाही, लीड (एका फेऱ्यात नट किती सरकतो) विचारा. एका सुरुवातीचा असो की चार सुरुवातींचा, म्हणजे शेजारी शेजारी चार आटे कोरलेला, दोन्हींत आटे २ मिमीवरच दिसतात, पण चार सुरुवातींचा स्क्रू एका फेऱ्यात ८ मिमी पळतो. तो थ्रीडी प्रिंटरला ठीक. मिलला एका सुरुवातीचा, २ मिमी लीडचा घ्या, तोही अँटी-बॅकलॅश, म्हणजे ढिलेपणा मारणाऱ्या, नटासकट. लांबी वाढली की ८ मिमीचा सडपातळ स्क्रू वेगात थरथरतो, तेव्हा मोठ्या मिलला १६०५ बॉलस्क्रू, म्हणजे १६ मिमी जाड, ५ मिमी लीडचा, नटात गोळ्या फिरणारा. त्याच्या सी-७ या अचूकतेच्या दर्जाला ३०० मिमीत ५० मायक्रॉन इकडेतिकडे चालतं, हे आधीच मान्य करून टाका. एका टोकाला बीके-१२ हा बेअरिंगचा ठोकळा, दुसऱ्याला बीएफ-१२. पक्कं टोक एकच, बीकेचं. तिथलं बेअरिंग ढिलं असेल तर सगळा नटाचा खर्च पाण्यात. सॉफ्टवेअरमधून बॅकलॅश भरून काढू म्हणाल, तर क्लाइंब कट घेताना, म्हणजे कटरचे दात फिरतात त्याच दिशेने टेबल सरकताना, कटर टेबलच ओढून नेतो, तिथे सॉफ्टवेअर काय करणार?

आता सेटिंग. ८ मायक्रोस्टेप पुरे. ३२वर एका मायक्रोस्टेपला होल्डिंग टॉर्कच्या, म्हणजे मोटरच्या जागेवर धरून ठेवण्याच्या ताकदीच्या, जेमतेम ५ टक्के जोर मिळतो. नटाचं घर्षणच तेवढं खातं, म्हणून शाफ्ट जागचा हलत नाही आणि चार-पाच पल्स साचले की उडी मारतो. १६०५ला ८ने फेऱ्याला २०० गुणिले ८, १६०० पल्स, भागिले ५, म्हणजे मिमीला ३२० पल्स. जीआरबीएल या मिल चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये डॉलर १००, १०१, १०२ या तीन अक्षांच्या सेटिंगला हाच आकडा. उलट २ मिमी लीड आणि १६ मायक्रोस्टेप घेतलेत तर मिमीला १६०० होतात. जीआरबीएल ज्यावर चालतो तो आर्डुइनो ऊनो बोर्ड सेकंदाला साधारण ३०,००० पल्सच काढतो, म्हणजे मिनिटाला ११०० मिमीच्या आसपास गाडी अडली. करंट मोटरवर लिहिलाय तेवढाच. ड्रायव्हरवर ५० व्होल्ट छापलंय म्हणून ५० देऊ नका, ३६ द्या. मोटर थांबताना व्होल्टेज उलटं ढकलते. झेडला, म्हणजे वर-खाली जाणाऱ्या अक्षाला, बॉलस्क्रू लावलात तर वीज गेल्यावर कटर धरणारा स्पिंडल आपोआप खाली येतो, तेव्हा ब्रेकची मोटर किंवा काउंटरवेट लावा.

आणि ड्रायव्हर चालू असताना मोटरची वायर कधी उपटू नका, ड्रायव्हर जळतो. उरलेले प्रश्न चहाच्या टेबलापाशी.