जुनं सील फेकू नका

नमस्कार श्रोतेहो. पोकलेनच्या सिलिंडरचा रॉड तेलानं ओला दिसला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, ‘सील किट मागवा,’ म्हणजे तेल अडवणाऱ्या कड्यांचा संच. जरूर मागवा. पण जुनं सील फेकू नका. हे मी आज पुन्हा सांगणार आहे.

किस्सा ऐका. एक बकेट सिलिंडर गळत होता. किट टाकलं, आठवड्यात पुन्हा थेंब. दुसरं टाकलं, तेच. तिसरंही गळालं, तेव्हा फिटर म्हणाला, “मिस्त्री, किटच बोगस आहेत.” म्हातारे मिस्त्री काही बोलले नाहीत. ग्लँड, म्हणजे ज्यातून रॉड बाहेर येतो ते सिलिंडरचं झाकण, सोडवण्याआधी त्यांनी त्यावर आणि बॅरलवर, म्हणजे सिलिंडरच्या नळीवर, एका रेषेत खूण मारली. ग्लँड बाहेर आल्यावर रॉड सीलवरही त्याच रेषेत रंगाचा ठिपका दिला, मगच सील काढलं. सीलचा ओठ, म्हणजे रॉडला टेकणारी कड, सगळीकडून नव्यासारखा गुळगुळीत होता. फक्त एका जागी, घड्याळात चार वाजतात तिथं, केसाएवढी चीर.

“एवढ्याशा चिरीनं काय होतंय?”
“आधीची दोन सीलं कुठं आहेत रे?”

नशीब, भंगाराच्या डब्यातच होती. दोन्हींवर तशीच एकेक चीर!

आता बघा, बकेट सिलिंडर दोन्ही टोकांना पिनांनी अडकलेला असतो. रॉड आतबाहेर जातो, स्वतःभोवती फिरत नाही. म्हणून रॉडवरचा ओरखडा सीलच्या ओठाला दर खेपेला त्याच जागी कापतो. मिस्त्रींनी रॉडवर चारच्या रेषेत नख फिरवलं. मध्यावर ते अडकलं. बकेट आत वळवलेली असताना रॉड पूर्ण बाहेर असतो. तेव्हा दगड लागून रॉडवरच्या क्रोमच्या मुलाम्याची कड उचलली गेली होती, तांदळाच्या दाण्याएवढी. फडक्यानं तो रॉड कितीदा पुसला गेला होता, पण फडक्याला जे कळत नाही ते नखाला कळतं.

उचललेली कड बारीक ऑइलस्टोननं बसवली, तीही रॉडच्या गोलाईनं घासून. लांबीच्या दिशेनं कधीच घासू नका, त्या रेघांमधून तेलाला वाट मिळते. चौथं किट टिकलं. खाच खोल असती, क्रोमखालचं लोखंड दिसत असतं, तर मात्र रॉड पुन्हा हार्डक्रोम करून घ्यावाच लागला असता.

म्हणून जुनं सील फेकू नका, वाचा. एकाच बाजूनं झिजलंय? रॉड वाकलाय किंवा रॉडला मधोमध धरणारी वेअर रिंग गेलीय. कडक होऊन तडकलंय? तेल फार तापतंय. फुगून मऊ पडलंय? तेल चुकीचं आहे. कड काळी, जळकी? सिलिंडरमध्ये हवा राहिली होती.

बाकीचं थोडक्यात. सिलिंडर खोलण्याआधी बकेट जमिनीवर टेका, इंजिन बंद करा, चावी ऑन ठेवून लिव्हर चारी दिशांना हलवा, टाकीचा दाब सोडा. गळती हातानं कधीच शोधू नका, पुठ्ठा धरा. दाबाखालची बारीक धार कातडीतून आत शिरते, ते थेट ऑपरेशनचं काम. पिस्टन कंप्रेसरच्या हवेनं बाहेर उडवू नका. खाचेतून सील काढायला स्क्रूड्रायव्हर नको, पितळी हूक घ्या. रॉड सीलचा ओठ आत, तेलाच्या दाबाकडे. वायपरचा, म्हणजे रॉडवरची धूळ पुसणाऱ्या कड्याचा, ओठ बाहेर, धुळीकडे. पुन्हा सांगतो, सील आत, वायपर बाहेर. बॅकअप रिंग, म्हणजे सीलला टेकू देणारी रिंग, दाबाच्या उलट बाजूला. ग्लँड चढवताना रॉडच्या आट्यांवर टेप गुंडाळा, नाहीतर नवं सील तिथंच कापलं जातं. पिस्टनचा नट मॅन्युअलमधल्या टॉर्कनंच आवळा, अंदाजानं नाही.

आणि जाता जाता, प्रेशर जेटनं थेट वायपरवर पाणी मारणाऱ्यांना मशीन धुवायलाच देऊ नये, असं माझं मत आहे. चिखल आत ढकलून वर ‘मशीन चकाचक’ म्हणतात!

जोडणी झाली की इंजिन मंद ठेवा. रॉड चार-पाच वेळा सावकाश आतबाहेर करा, पण दोन्ही टोकांना 100 मिलिमीटर अलीकडेच थांबा. हवा निघाली की मगच पूर्ण स्ट्रोक. नंतर टाकीतली पातळी बघा, तेल कमी झालेलं असतंच.